आखाजीच्या आधी

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि या घडीला शेजारच्या खोलीत आजीशी भांडते आहे. आजी म्हणते पोरगी बापावर गेली, बाप म्हणतो आजीवर. मी मध्ये पडत नाही. हे भांडण कानावर पडावं म्हणून मी एके वर्षी पावसाळ्यात महिनाभर पाठीवर पडून होते. त्यातले चार-पाच दिवस तर असे गेले की तिला माझ्या पोटातून काढून टाकायचं ठरलं होतं.

ज्या बायकांचे दिवस जातात पण मूल हाती येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते. मी डॉक्टर नाही. तळोद्याच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर माझं लिहिणं म्हणजे माहेरी पाठवायची पत्रं. औषधांची नावं मला आठवत नाहीत, आणि आठवली असती तरी सांगितली नसती, कारण मग कोणीतरी मनानेच घेईल. मला आठवतं ते खाटेचं, भीतीचं आणि माणसांचं.

कुंकवाचं बोट

आमचं घर म्हसावदचं. जैन, मारवाडी; चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरचं कापडाचं दुकान आहे. दुकानात सगळे अहिराणी बोलतात, माजघरात मारवाडी. माझ्या सासूबाई, मी त्यांना माजीसा म्हणते, थेट मारवाडातून लग्न होऊन आल्या. तीस वर्षांत त्या कळण्याची भाकरी थापायला शिकल्या, मिरचीचा ठेचा आमच्याहून तिखट करायला लागल्या, पण पंचांग त्यांनी सोडलं नाही. दरवर्षी त्यांचा भाऊ तिकडून पंचांग पाठवतो आणि आमच्या घरचे उपास, सण, चांगले-वाईट दिवस सगळे त्यावरून ठरतात.

त्याच पंचांगात माझाही हिशेब होता. दर महिन्याला मी तीन दिवस बाहेर बसे, आणि पहिल्या दिवशी माजीसा त्या तिथीवर कुंकवाचं बोट टेकवत. त्याबद्दल बोलणं नाही, विचारणं नाही. मी घुंघटात असे. मोठ्या माणसांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, माझ्याबद्दल कोणी काही विचारलं तर उत्तर माजीसा देत. आठ वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली होती की डोकं दुखलं तरी ते माझं दुखतंय की त्यांचं, असं मी गमतीने म्हणायची. अर्थात मनातल्या मनात.

दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. पहिल्या वेळी सगळ्यांनी समजावलं. दुसऱ्या वेळी कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. माजीसा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला वाटलं, यांच्या मनातून मी उतरले. पुढे लांबच्या नात्यातली एक बाई आमच्या ह्यांच्यासाठी दुसरं स्थळ घेऊन आली, तेव्हा माजीसांनी तिला जेवायला वाढलं, पान दिलं आणि सांगितलं, "इण घर में बींदणी है. दूजी री जगां कोनी." सून आहे, दुसरीला जागा नाही. मी दाराआड उभी होते. त्या दिवशी मला कळलं की माणूस गप्प असतं त्याची कारणं वेगळीही असतात.

झोक्याचं वर्ष

त्या वर्षीची आखाजी मी रडून काढली. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते. झोके, गाणी, मैत्रिणी, वर्षभराचं बोलणं त्या चार दिवसांत होतं. आम्ही मारवाडी असलो तरी याबाबतीत पक्क्या खान्देशी. माझा भाऊ तळोद्याहून गाडी जुंपून न्यायला आला. पण आमच्याकडे माजीसांच्या बहिणीच्या वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभर एक दिवसाआड उपास करून आखातीजला, म्हणजे त्याच दिवशी, उसाच्या रसाने सोडतात तो मोठा सोहळा असतो, घर पाहुण्यांनी भरलेलं. सुनेला कसं सोडणार? भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला.

मी इतकी रुसले की आमच्या ह्यांनी परसातल्या निंबाला दोर बांधून झोका टांगून दिला. कापड विकणाऱ्या माणसाने बांधलेली गाठ, दुसऱ्याच हिंदोळ्याला सुटली. मी खाली पडले, ते घाबरले आणि मला हसू आलं. हे सगळं सांगते आहे ते उगीच नाही.

पुढच्या महिन्यात पंचांगावर कुंकवाचं बोट पडलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

नाव आणि पाणी

राखी पौर्णिमेला सकाळी मला रक्त दिसलं. मी न्हाणीघरातच बसून राहिले. रडूसुद्धा आलं नाही. मनात आलं, बरं, तिसरं. माजीसांनी दाराबाहेरून हाक मारली आणि माझ्या उत्तरावरून त्या समजल्या. या खेपेला त्यांनी घरात बसायचं नाही असं ठरवलं. दोन तासांत गाडी जुंपली, गवताच्या पेंढ्यांवर गोधड्या टाकल्या आणि म्हसावदहून शहादा, शहाद्याहून प्रकाशा असे आम्ही निघालो. प्रकाशाला तापी गढूळ आणि भरून चालली होती. नावाड्याने माझ्याकडे पाहिलं आणि इतर उतारूंना थांबवून आम्हा तिघांना आधी पैल नेलं. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. मी दरवर्षी देवासमोर दिवा लावताना त्याची आठवण काढते.

नंदुरबारला बायकांचा एक दवाखाना होता. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, उंच, पायांत बूट, बोलणं अगदी पुस्तकातल्यासारखं. नर्स मात्र आमच्याकडचीच. तिचं नाव सोनूबाई. तिनं कागद पुढे घेतला आणि मला विचारलं, "शेवटलं कवय बाहेर बठनी व्हती व माय?"

मी घुंघटात. माजीसा पुढे झाल्या. "म्हनै पूछो. बींदणी कोनी बोलै." मला विचारा, सून बोलत नाही. आणि त्यांनी तिथी सांगितली: वैशाख वद पाचम.

सोनूबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट फिरवलं, वैशाख वद पंचमीसमोरची इंग्रजी तारीख काढली आणि लिहून ठेवली. मे महिन्यातली कुठलीशी. इंग्रजी तारखेशी आमचा संबंध फक्त दुकानापुरता, तोही पुरुषांचा. माझ्या कानाला वैशाख वद पाचम ऐकू आली आणि ती बरोबरच होती. मी मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हात धुताना त्या सोनूबाईला म्हणाल्या, "तीन महिने म्हणतात. त्या मानाने पोट मोठं आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पडून राहायचं. उठायचं नाही. बघू."

वॉर्ड

खाटेच्या पायथ्याशी चार विटा लावल्या होत्या, त्यामुळे डोकं खाली आणि पाय वर. जग उलटं दिसायचं. सकाळी झाडू, मग सोनूबाईचा थर्मामीटर, मग डॉक्टरीणबाईंच्या बुटांचा आवाज. बूट माझ्या खाटेशी किती वेळ थांबतात यावरून मी आपली तब्येत ओळखायची. रक्त कधी थांबे, कधी पुन्हा दिसे. प्रत्येक वेळी कपडा पाहण्याआधी मी डोळे मिटून घ्यायची. ज्या बाईवर ही वेळ आली आहे तिला हे सांगायला नको.

शेजारच्या खाटेवर प्रकाशाकडची एक पाटलीणबाई होती. बैलगाडीतून उतरताना पाय मोडून घेतलेली. पायाला फळ्या बांधलेल्या आणि तोंडाला काही नाही. श्रावणी सोमवार धरलेले, दवाखान्यातही सोडायला तयार नव्हती. माझ्याशी बोलायची, मी घुंघटातून हुंकार द्यायची. तिला तेवढंही पुरत असे.

आमचे हे मला पोचवून तिसऱ्या दिवशी म्हसावदला परतले, दुकान उघडायला कोणी नव्हतं म्हणून. माजीसा राहिल्या. व्हरांड्यात चटई टाकून झोपायच्या, उकळलेलं पाणी आपल्या लोट्यातून प्यायच्या. पर्युषण जवळ आलं होतं. त्यांनी आठ दिवसांचा उपास धरायचं ठरवलं. डॉक्टरीणबाई रागावल्या, "एक बाई आत आहे, दुसरीही भरती करायची आहे का?" माजीसा फक्त हसल्या. दर वर्षी करतात, पण या वर्षी कोणासाठी करत होत्या ते मला ठाऊक होतं.

तो दिवस

दवाखान्यात दहा दिवस झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. या वेळी बूट फार वेळ थांबले. त्यांनी माजीसांना आत बोलावलं आणि खुर्ची मागून घेऊन स्वतः बसल्या. उभ्याने सांगितलं असतं तर मी कमी घाबरले असते.

त्या म्हणाल्या, "बाई, खोटी आशा दाखवणार नाही. दिवसांच्या मानाने पोट एक महिना पुढे आहे. रक्त थांबत नाही. असं असतं तेव्हा आत बहुधा मूल नसतं. द्राक्षाच्या घडासारखी नुसती गाठ वाढत असते. ती ठेवली तर सुनेच्या जिवाला धोका आहे. पोट रिकामं करावं लागेल. नवऱ्याची सही हवी."

माजीसा खाली बसल्या. मी घुंघट तोंडात कोंबला. दोन वेळा माझं मूल गेलं होतं, पण मूल तरी होतं. या वेळी ते नव्हतंच म्हणे. मी अडीच-तीन महिने ज्याच्याशी मनात बोलत होते ती गाठ होती. मला पोटावर हात ठेवायची लाज वाटू लागली. त्या क्षणी मला मरावंसं वाटलं, हे मी लपवत नाही.

म्हसावदला निरोप गेला. पण त्याच दिवशी तापीला पूर आला आणि प्रकाशाची नाव बंद झाली. आमचे हे पैल, आम्ही ऐल. मी त्या नदीला शिव्या दिल्या. एकदाचं काय ते होऊन जाऊ द्या, असं झालं होतं.

त्याच मधल्या दिवसांत एका दुपारी पोटात काहीतरी फडफडलं. बेंबीखाली, डावीकडे. ओंजळीत धरलेली चिमणी पंख हलवते तसं. पुन्हा एकदा. मी हिंमत करून सोनूबाईला हळूच सांगितलं. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"वारा शे व पोटमा. इतला लवकर पोर हालस का कोठे? साडेतीन महिना बी नही व्हयनात तुले."

ती बिचारी मायेनेच बोलली. मी गप्प बसले. पण चिमणी संध्याकाळी पुन्हा हलली.

पोळा

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. पूर ओसरला, नाव सुरू झाली, आमचे हे दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतील असा निरोप आला. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सही आणि मग पोट रिकामं. सोनूबाईने मला रात्री काही खायचं नाही असं सांगून ठेवलं.

दुपारी पाटलीणबाईच्या घरून पुरणपोळी आली. तिने एक माजीसांपुढे केली. माजीसांचा उपासाचा चौथा दिवस. त्या म्हणाल्या, "म्हारै पजूसण है. भादवा री मावस है आज." आमचं पर्युषण आहे, आज भाद्रपदातली अमावस्या.

पाटलीणबाई फळीबांधला पाय घेऊन उठायलाच निघाली. "भादवानी? पोळा श्रावणनी अमावसले येस! मन्हा कालदिन सोमवार व्हयना. श्रावण कोठे सरना व माय?"

"म्हारै तो राखी रै दूजै दिन सूं भादवो लाग्यो," माजीसा शांतपणे म्हणाल्या. राखीच्या दुसऱ्या दिवसापासूनच भादवा.

पाटलीणबाई माझ्याकडे वळून हसली. "दख व, तुन्ही सासू भादवामा बठेल शे नि मी श्रावणमा. आपला खाटसमा दोन हात बी जागा नही!"

वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, घुंघटातल्या घुंघटात. आणि हसता हसता मला माझी तिथी आठवली.

हे आम्हाला नवीन नव्हतं. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, इकडे अमावस्येला. सुदीचा, चढत्या चांदण्याचा, पंधरवडा दोघांचा एकच. वदीचा मात्र दिवस तोच असून नाव निराळं. इकडे श्रावण वद तर आमच्या घरात भादवा वद, इकडे चैत्र वद तर आमच्या घरात वैशाख वद. दुकानात आमची माणसं हे रोज सांभाळतात, कधी चुकत नाहीत. पण बाईच्या दिवसांची तिथी कधी घराबाहेर गेलीच नव्हती. ती पहिल्यांदा बाहेर गेली ती दवाखान्यात, आणि तिथे सोनूबाईने ती इकडच्या पंचांगातून वाचली. माजीसांची वैशाख वद पाचम म्हणजे सोनूबाईच्या कॅलेंडरातली चैत्र वद पंचमी. सोनूबाईने तारीख काढली होती ती त्याच्या महिनाभर पुढची.

पोट एक महिना मोठं नव्हतं. कागद एक महिना लहान होता.

तोंड उघडलं

कळलं, पण सांगायचं कसं? माजीसा समोर बसलेल्या. त्यांनी सांगितलेली तिथी दवाखान्यात चुकीची ठरली, हे सुनेने चारचौघींत, आपल्या पाळीबद्दल, मोठ्याने बोलायचं! आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.  मग चिमणी हलली.

मी घुंघट मागे सारला आणि हाक मारली, "सोनूबाई!"

माझा आवाज इतका मोठा असेल असं मलाही माहीत नव्हतं. सोनूबाई धावत आली, तिला वाटलं रक्त वाढलं. मी म्हणाले, "तारीख चुकली आहे. माझे दिवस आणखी एक महिना जास्त आहेत. माजीसांनी मारवाडी तिथी सांगितली." पुढचं माझं मलाच नीट बोलता येईना. वद, सुद, पुनव, अमावस्या, सगळा गोंधळ.  सोनूबाईने खाटेच्या कडेला बसून एकच प्रश्न विचारला.

"तू बाहेर बठनी ती आखाजीना आधी का आखाजीना नंतर?"

आखाजी सुदीत येते. ती दोन्ही पंचांगांत एकच. आणि त्या वर्षीची आखाजी मी जन्मात विसरणार नव्हते.

"आधी!" मी म्हणाले. "आधी बारा-तेरा दिवस. आखाजीला मी घरात होते, पारण्याचं ताट वाढत होते. झोक्यावरून पडले. आखाजीनंतर मी बाहेर बसलेच नाही."

सोनूबाईने कपाळावर हात मारला. कागदावरची तारीख आखाजीच्या दोन आठवडे नंतरची होती.

मी भीतभीत माजीसांकडे पाहिलं. उघड्या तोंडाने, आठ वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत. वाटलं, आता काय होतंय. त्या उठल्या. चार दिवस पोटात अन्न नाही, भिंतीला धरून उठल्या. व्हरांड्यात गेल्या, पर्युषणासाठी बरोबर आणलेलं पंचांग फडक्यातून काढलं आणि कुंकवाचं बोट असलेलं पान उघडून घेऊन स्वतः डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे गेल्या. दारावर थाप मारायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या सरळ आत गेल्या.

डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाईंनी आमचं पंचांग आणि भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या खाटेवर शेजारी शेजारी ठेवलं. बराच वेळ पाहिलं. आमच्या पानावरचं कुंकवाचं बोट दाखवून त्यांनी पुन्हा विचारलं, पण या वेळी मला, माजीसांना नाही. मी उत्तर दिलं. मग तपासलं. लाकडी नळी पोटावर ठेवून ऐकलं, काही ऐकू आलं नाही. "अजून लवकर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तळवा तिथेच राहिला. "तुम्हाला फडफड कुठे वाटली?"

मी जागा दाखवली. हात तिथे सरकला. पण चिमणी हट्टाला पेटली होती, हललीच नाही.

त्या म्हणाल्या, "या हिशेबाने साडेचार महिने होतात. पोट दिवसांना धरून आहे. उद्या काही करायचं नाही. थांबू." मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलल्या. "चूक माझी आहे. मी कागदाला विचारलं, बाईला विचारलं नाही."

इतकी शिकलेली बाई असं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. किती डॉक्टर असं म्हणतात ते मला माहीत नाही. मी त्यांच्या पायांना हात लावायला गेले तर ओरडल्या, "उठायचं नाही म्हणून सांगितलं ना?"

दुसऱ्या दिवशी आमचे हे सही करायला म्हणून आले. रात्रभर झोपले नव्हते, डोळे लाल. मी तोंड उघडं ठेवून, आईसमोर, त्यांच्याशी बोलले. त्यांना आधी कशाचा धक्का बसला ते सांगणं अवघड आहे. मग नदीचा विषय निघाला. नाव चार दिवस आधी सुरू असती तर सही चार दिवस आधी झाली असती. मी तापीला दिलेल्या शिव्या परत घेतल्या.

माझ्या आग्रहावरून डॉक्टरीणबाईंनी एक दिवस मला मूल कसं वाढतं ते सांगितलं. पहिल्या महिन्यात तिळाएवढं. तिसऱ्या महिन्याअखेर बोटं वेगळी झालेली. आता ते वीतभर असेल, ओठ उघडत-मिटत असेल, त्याला नखं फुटत असतील. मूल राहतं ते न्हाण्याच्या दिवशी नाही, जसं आमच्या घरात सगळ्या समजायच्या. अलीकडे डॉक्टर मानतात की बाहेर बसल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी राहतं. मी बोटांवर मोजलं. आखाजी. भावाची रिकामी गाडी गेली त्याच्याच आसपास. तळोद्याला गेले असते तर हे मूल नसतं. ज्या गोष्टीसाठी मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तिचे आभार कसे मानायचे ते मला कळेना, म्हणून माजीसांच्या बहिणीला पत्र लिहून पारण्याची पुन्हा विचारपूस केली. तिला त्याचं काही कळलं नसेल.

आणि नखांचं ऐकून मी खूप रडले. मी त्याला गाठ समजून पोटावरचा हात काढून घेतला होता, तेव्हा त्याला नखं फुटत होती.

खमतखामणा

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. धाकट्यांनी मोठ्यांपुढे वाकायचं. मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी पडल्या पडल्या हात जोडले. पण माजीसा माझ्या आधी बोलल्या. आठ दिवसांच्या उपासाने आवाज अगदी बारीक झाला होता.

"खमतखामणा, बींदणी. थारी बात म्हैं बोलती रही." तुझं बोलणं मीच बोलत राहिले, माफ कर.

मी म्हणाले, "माजीसा, तुमचं बोट कुंकवाचं होतं म्हणून तर सगळं सापडलं." आणि ते खरंच होतं. त्यांनी ते बोट टेकवलं नसतं तर माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला असता? त्यांनी पंचांग सोडलं नाही याचे मी उपकार मानते, आणि त्या दिवशी पुढे बोलल्या याबद्दल रागावतही नाही. त्या बोलल्या नसत्या तर मी लाजून काहीच सांगितलं नसतं.

रक्त पोळ्यानंतर दोनदा दिसलं, मग थांबलं. का आलं आणि का गेलं ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही.

अनंत चतुर्दशीला त्या नळी घेऊन आल्या. कान टेकवला आणि नेमकी बाहेरून गणपतीची मिरवणूक आली. ढोल, ताशा, लेझीम. त्या वैतागून ताठ झाल्या. मिरवणूक वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही सगळ्या श्वास रोखून थांबलो, पाटलीणबाईसुद्धा गप्प, हा एक चमत्कारच. मग त्यांनी पुन्हा कान टेकवला. डोळे मिटले. हाताच्या बोटांनी खाटेच्या कडेवर ताल धरला, टक टक टक टक, भराभर.

 ताल चालूच होता. पाटलीणबाई हुंदके देऊन रडायला लागली आणि सोनूबाईने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला.

सुदीत

पुढचे महिने म्हसावदला गेले. थंडी पडली, तापीचं पाणी उतरलं, तेव्हा माजीसांनी पंधरा दिवस आधीच मला नंदुरबारला आणून ठेवलं. सोनूबाई आता भरती होणाऱ्या प्रत्येक बाईला तिथीच्या जोडीला सण विचारत होती. आखाजीआधी की नंतर, पोळ्याआधी की नंतर, आणि घुंघटातल्या बाईला तर कानाशी तोंड नेऊन, तिलाच. ज्या बाईने हे वाचलं तिला माझं एवढंच सांगणं. आपला दिवस आपल्या तोंडाने सांग. तिथीची खात्री नसली तर सण सांग, त्या दिवशी तू काय करत होतीस ते सांग. आणि पोटात काही हललं तर वारा आहे म्हणून गप्प बसू नकोस.

मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर भरपूर केस. मी पहिल्यांदा तिची नखं पाहिली. बारीक, पातळ, वाढलेली. एका नखाने तिने स्वतःचाच गाल ओरखडून घेतला होता.

माजीसा पंचांग घेऊन आल्या. सोनूबाईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. दोघींनी आपापल्या पानावर बोट ठेवलं आणि एकमेकींच्या पानात डोकावल्या. माघ सुद पंचमी. इथेही माघ, तिथेही माघ.

"सुद में आई है," माजीसा म्हणाल्या आणि कुंकवात बोट बुडवलं. "अबै कोई झगड़ो कोनी."

मग त्यांनी ते बोट पंचांगावर नाही, मुलीच्या कपाळावर टेकवलं.